पाच हातांचे अन्न : फोंड्यातील एका लॅब्रेडोर कुत्रीच्या स्थूलतेचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका कुटुंबाने आपली सात वर्षांची, निर्बीजीकरण झालेली लॅब्रेडोर कुत्री मार्चच्या सुरुवातीला माझ्याकडे आणली. तिला आपण चिनू म्हणू. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील येथे गाळला आहे. तक्रार वजनाची नव्हती. चिनू सोप्याच्या पायऱ्या चढताना थांबते, बसल्यावर उठायला वेळ लावते, उजवा मागचा पाय सकाळी टेकत नाही आणि ऊन नसतानाही धापा टाकते, असे आजोबांनी सांगितले. घरातल्या आजींना काही वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू असल्यामुळे कुत्रीलाही तोच विकार असणार, अशी सर्वांची जवळपास खात्री झालेली होती आणि आपल्याला फक्त गोळी लिहून हवी आहे, हे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट होते.

काट्यावर वजन ४१.६ किलो भरले. या जातीच्या मादीचे वजन सर्वसाधारणपणे २५ ते ३२ किलोंच्या दरम्यान असते. मात्र केवळ जातीच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण हाडापेराने मोठी आणि लहान अशा दोन्ही प्रकारच्या माद्या दिसतात. म्हणून शरीरस्थितीचा नऊ अंकी गुणांक वापरतात. त्यात ४ आणि ५ हे योग्य, ६ आणि ७ हे वाढीव वजनाचे आणि ८ व ९ हे स्थूलतेचे अंक होत. तळहात उताणा न ठेवता पालथा ठेवून बोटांच्या मागच्या हाडांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवले असता जे जाणवते, तसे निरोगी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवताना जाणवायला हवे. चिनूच्या बरगड्या बऱ्यापैकी दाबल्यावरच हाताला लागत होत्या, वरून पाहता कंबर दिसत नव्हती आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची घडी पडली होती. मी गुणांक ८ लिहिला. पाचच्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० ते १५ टक्के अधिक वजन असे धरले, तर तिचे योग्य वजन ३१ किलोंच्या आसपास येत होते.

या अंदाजाला पुष्टी मिळाली ती लसीकरणाच्या पुस्तिकेतून. दीड वर्षाची असताना निर्बीजीकरणाच्या वेळी तिचे वजन २९.५ किलो नोंदले होते आणि त्यानंतर प्रत्येक वार्षिक लसीच्या वेळी ते दोन-सव्वादोन किलोंनी वाढत गेले होते. पुस्तिकेतले हे आकडे पालक सहसा वाचत नाहीत, आणि खरे तर अनेक दवाखान्यांतही ते नोंदवून पुढे सरकण्यापलीकडे त्यांचे काही होत नाही. वर्षाला सव्वादोन किलो चरबी साठण्यासाठी शिल्लक पडावी लागणारी ऊर्जा ढोबळ मानाने दिवसाला पन्नास कॅलरींच्या आत येते. गोव्यातल्या नेहमीच्या पावाच्या भाषेत बोलायचे तर ती अर्ध्या पावाएवढी आहे. निर्बीजीकरणानंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटते, उलट भूक वाढते. हे त्या वेळी कुणी या घराला सांगितले होते की नाही, याची नोंद पुस्तिकेत नव्हती.

तपासण्या

थायरॉइडचा प्रश्न बाजूला सारून चालणार नव्हते. लॅब्रेडोर जातीत थायरॉइडची कमतरता आढळते, आणि सुस्ती व वजनवाढ ही तिचीही लक्षणे आहेत. परंतु त्या विकारात अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखे केस झडणे, शेपटी उघडी पडणे, त्वचा जाड व काळपट होणे आणि नाडी मंदावणे अशा खुणाही बहुधा सोबत असतात. चिनूचे केस दाट होते आणि नाडी नेहमीच्या वेगाने चालली होती. रक्तातील टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण मर्यादेच्या मध्यात आले आणि ते स्रवायला लावणारे टीएसएचही वाढलेले नव्हते. नुसत्या टी-४ वर निदान करू नये, कारण दुसऱ्या कुठल्याही आजारात आणि काही औषधांमुळेही ते तात्पुरते उतरते. या प्रकरणात दोन्ही चाचण्या एकाच दिशेने बोलत होत्या. गरज नसताना थायरॉइडची गोळी दिली असती, तर घराचे समाधान झाले असते आणि कुत्री तशीच राहिली असती.

गोव्यात गोचिडांपासून होणारा ताप वर्षभर दिसतो आणि त्यातही सुस्ती व सांधेदुखी असते, म्हणून रक्तपेशींची गणना केली. बिंबाणू (प्लेटलेट) पुरेसे होते. रक्तशर्करा व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ठीक होते. बारा तासांच्या उपाशी नमुन्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या १५० च्या मर्यादेपेक्षा जास्त होते. क्ष-किरणात दोन्ही खुब्यांत सांध्याची झीज दिसली. ती तीव्र नव्हती, पण ४१ किलोंच्या ओझ्याखाली दुखायला पुरेशी होती.

ट्रायग्लिसराइडचा आकडा पाहून मी मागच्या वर्षीच्या आजारपणांबद्दल पुन्हा विचारले, तेव्हा सून म्हणाली की चवथीच्या तिसऱ्या दिवशी चिनूला सतत उलट्या झाल्या होत्या, पोट हाताला लागू देत नव्हती, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून उभी राहत होती आणि एका दवाखान्यात तिला सलाइन लावावे लागले होते. त्या वेळचे कागद उपलब्ध नव्हते. तरी स्थूल मादी, रक्तात वाढलेली चरबी, सणाच्या दिवसांतल्या तळलेल्या नेवऱ्या (करंज्या) आणि पोटदुखीची ती विशिष्ट उभी राहण्याची पद्धत, एवढ्यावरून स्वादुपिंडाला सूज आली असावी, असे मानून पुढची योजना आखणे मला सुरक्षित वाटले.

अन्नाचा हिशेब

‘ती फारसे खातच नाही,’ हे वाक्य प्रत्येक स्थूल प्राण्याच्या घरात ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते बोलणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. या घरातही तसेच होते. घरातला मुलगा तिला पाकिटातले कोरडे खाद्य देत असे. सकाळी एक पेला आणि रात्री एक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याच्या पेल्यात १२५ ग्रॅम खाद्य मावले, म्हणजे दिवसाला २५० ग्रॅम. ‘पाकिटावर चाळीस किलोच्या कुत्र्याला चारशे ग्रॅम लिहिले आहे, आम्ही तर अडीचशेच देतो,’ असे तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने कुत्री अर्धपोटीच होती. पाकिटावरचा तक्ता प्राण्याच्या योग्य वजनासाठी असतो; आजच्या वाढलेल्या वजनाची ओळ वाचली, की तो तक्ता स्थूलतेलाच अन्न पुरवण्याचे काम करतो. शिवाय त्या तक्त्यात पाव, शीत (शिजलेला भात) आणि बिस्किटे धरलेली नसतात.

मी घरातल्या प्रत्येकाला एक आठवडा स्वतंत्र कागदावर लिहायला सांगितले. दुसऱ्याने काय दिले ते न विचारता, फक्त स्वतःच्या हातून गेलेले. सात दिवसांनी ते पाच कागद एकत्र केल्यावर जे दिसले ते असे. पाव विकणारा पदेर सकाळ-संध्याकाळ येतो आणि त्याचा हॉर्न वाजला की चिनू फाटकाशी जाते. आजोबा तिला प्रत्येक वेळी एक पाव देत, म्हणजे दिवसाला सुमारे २१० कॅलरी. दुपारी आजी पानातले उरलेले शीत आणि हुमण, म्हणजे माशाची नारळातली आमटी, कालवून घालत. दीडशे ग्रॅम भात आणि नारळाचा रस धरून ते २७५ च्या आसपास जात होते. नात शाळेतून आली की ग्लुकोज बिस्किटे वाटून खाई आणि चिनूच्या वाट्याला सहा येत, म्हणजे १३०. रात्री सून शेवटची चपाती तूप लावून तिला देई, म्हणजे १२०. यांची बेरीज ७३५ आणि पाकिटातल्या खाद्याच्या ९०० मिळून एकूण १६३५ कॅलरी. अवांतर खाणे दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असा संकेत आहे. येथे ते ४५ टक्के होते.

पाचांपैकी कुणीही जास्त देत नव्हते. आजोबांच्या दोन पावांना मी जास्त म्हणणार नाही, आणि आजींच्या मूठभर शितालाही नाही. प्रत्येकाचा वाटा त्याच्यापुरता माफक होता, आणि प्रत्येक जण मनात दुसऱ्या कुणाला तरी जबाबदार धरत होता. कागद एकत्र ठेवले तेव्हा टेबलाभोवती जी शांतता पसरली, तिच्यात थोडा राग आणि बराचसा ओशाळेपणा होता. माझ्या मते या प्रकरणाचे निदान तेथे झाले, प्रयोगशाळेत नव्हे.

जातीचा भाग मात्र मान्य करायला हवा. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे चारपैकी एका लॅब्रेडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूला नीट पोचत नाही. चिनूची ती चाचणी केलेली नाही. केली असती तरी उपाय बदलला नसता, पण ‘ती हावरट आहे’ असे म्हणणाऱ्या नातीला ही गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटले.

योजना

योग्य वजन ३१ किलो धरून विश्रांतीतील ऊर्जेची गरज काढली. वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला ७० ने गुणायचे, हे सूत्र आहे. उत्तर ९२० कॅलरी येते. वजन उतरवण्यासाठी कुत्र्याला साधारण इतकेच देतात. आजच्या वजनावर हिशेब केला, तर आकडा फुगतो आणि वजन उतरत नाही.

पहिला मोह असतो तो आधीचेच खाद्य निम्मे करण्याचा. तो मी टाळायला सांगितले. नेहमीच्या खाद्यातील प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे ही नेहमीच्या मात्रेला धरून घातलेली असतात. मात्रा फार कमी केली की ऊर्जेबरोबर तीही कमी पडतात आणि चरबीऐवजी स्नायू झडू लागतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी बनवलेले, प्रथिने व तंतू अधिक आणि चरबी कमी असलेले खाद्य निवडले. त्यात शंभर ग्रॅमला ३२० कॅलरी होत्या. दिवसाला २६० ग्रॅम म्हणजे ८३२, आणि उरलेल्या ८८ कॅलरी घरच्या हातांसाठी.

आजींनी विचारले, ‘डॉक्टर, घरचेच केले तर चालणार नाही का? कोंबडी आणि भात?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरसकट नकारात देणे मला पटत नाही. घरचे अन्न चालते, परंतु ते आखून द्यावे लागते. हाडे काढलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. भाताने ती उणीव भरत नाही. अशा अन्नावर कुत्रा महिनोन्‌महिने धडधाकट दिसतो आणि झीज आतून चालू राहते. त्यातून ऊर्जा कमी करायची असेल तर चुकीला जागा उरत नाही. हा विचार झाल्यावर कुटुंबाने पाकिटाचा पर्याय स्वीकारला.

खरी अडचण आजोबांची होती. ‘पदेराचा हॉर्न वाजला की ती फाटकाशी उभी राहते, तिला काय सांगू?’ असे त्यांनी विचारले. कुत्र्याला पावाची चव हवी असते त्याहून त्या वेळी आपल्या माणसाच्या हातून काही मिळणे हवे असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून देणे बंद करायला कुणालाच सांगितले नाही. रोज सकाळी मुलाने २६० ग्रॅम खाद्य काट्यावर तोलून एका डब्यात भरायचे आणि दिवसभरात ज्याला द्यायचे असेल त्याने त्या डब्यातूनच द्यायचे. आजोबांनी फाटकाशी दहा-बारा दाणे द्यावेत, नातीने शाळेतून आल्यावर मूठभर द्यावेत, डबा रिकामा झाला की दिवस संपला. ८८ कॅलरींत आजींसाठी काटे काढून मिठाशिवाय उकडलेला पांढऱ्या माशाचा लहानसा तुकडा बसवला. सोमवारी त्यांच्याकडे मासे शिजत नाहीत. त्या दिवशी काकडी किंवा उकडलेला दुधी. हुमण पूर्ण बंद, कारण त्यातल्या नारळाच्या चरबीशिवाय कांदा-लसणीचाही प्रश्न आहे. त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजरांना तर त्याची फार थोडी मात्राही पुरते.

व्यायामाला मी जाणूनबुजून दुय्यम स्थान दिले. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यत्वे धापा टाकून बाहेर टाकतो. हवेत दमटपणा असला की ते बाष्पीभवन मंदावते, आणि चरबीचा थर उष्णता आत अडवतो. मार्च ते मेच्या गोव्यात स्थूल कुत्र्याला दुपारी फिरवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय. सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर, सपाट रस्त्यावर, दमेपर्यंत न नेता थोडे थोडे चालवायचे ठरले. सांधेदुखीसाठी मूत्रपिंडाचे आकडे पाहून मेलोक्सिकॅम सुरू केले. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत, हे वेगळे सांगावे लागले, कारण आयबुप्रोफेन कुत्र्याला आणि पॅरासिटामॉल मांजराला घातक ठरते, आणि या घरात मांजरही होते.

दर पंधरा दिवसांनी वजन करायचे होते, पण एवढ्या मोठ्या कुत्रीला उचलून घरच्या काट्यावर उभे राहणे अशक्य होते. मुलाने ओळखीच्या काजू व्यापाऱ्याच्या कोठारातला पोती तोलायचा काटा गाठला. काटा कुठलाही चालतो. दर वेळी तोच असावा.

पुढचे महिने

एप्रिलअखेर वजन ३८.७ किलो झाले. सात टक्के घट झाली होती आणि पायऱ्यांवरचे थांबणे जवळपास गेले होते. सांध्याची झीज असलेल्या स्थूल कुत्र्यांत वजन सहा ते नऊ टक्के उतरले की लंगडणे कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. घराला मात्र वाटले आणि त्या बदलाने पुढच्या कंटाळवाण्या महिन्यांना बळ दिले. मेअखेर ३७.४. आठवड्याला एक ते दोन टक्के हा कुत्र्यासाठी पुस्तकातला वेग आहे, पण प्रत्यक्ष घरांत तो एक टक्क्याच्या खालीच राहतो, आणि त्याला अपयश म्हणू नये.

पावसाळा लागला आणि काटा थांबला. जून-जुलैमध्ये वजन ३७.२ आणि ३७.३ च्या मध्ये घुटमळत राहिले. फिरणे बंद झाले होते हे खरे, परंतु फिरण्यातून जाणारी ऊर्जा इतकी थोडी असते की केवळ त्याने वजन अडणार नाही. डबा रोज तोलला जात होता. पाचही कागद स्वच्छ होते. अखेर नातीने पाहिले की पावसामुळे मांजराची ताटली मागीलदारी ठेवायची ती आत आणली गेली होती, आणि मांजर दोन घास खाऊन उठले की चिनू ती पुसून काढत होती. मांजराच्या खाद्यात प्रथिने व चरबी दोन्ही अधिक असतात. ताटली कपाटावर गेली आणि ऑगस्टअखेर वजन ३६.१ झाले.

येथे मांजराविषयी थोडे सांगायला हवे, कारण चिनूचे यश पाहून सुनेने त्याचेही खाणे कमी करण्याचा विचार बोलून दाखवला होता. मांजर साडेचार किलोंचे आणि सुस्थितीत होते. पण ते लठ्ठ असते तरी कुत्र्याची रीत त्याला लागू पडली नसती. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तरी अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतते. त्यामुळे त्याचे वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का इतक्याच सावकाश उतरवतात. कुत्र्याचे खाद्य मांजराला लावूनही भागत नाही, कारण त्याला टॉरीन हे अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावे लागते. या मांजराला आजी रोज कच्च्या माशांची डोकी घालत असत. काही कच्च्या माशांत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट करणारे विकर असते आणि उकडल्याने ते निकामी होते, म्हणून डोकी उकडून आणि आठवड्यातून एक-दोनदाच देण्याचे ठरले.

चवथीची धास्ती मला घरापेक्षा अधिक होती. दीड दिवसांच्या गणपतीला घर पाहुण्यांनी भरते, आणि पाहुण्यांना डब्याचा नियम ठाऊक नसतो. आजोबांनी स्वतःहून मार्ग काढला. त्यांनी चिनूचा डबा माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या, खोलीच्या दाराशी ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात त्यातलेच चार दाणे दिले. नेवऱ्यांचे ताट उंचावर राहिले. त्या आठवड्यात वजन उतरले नाही, वाढलेही नाही, आणि उलटीही झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये वजन ३४.६ असताना वेग पुन्हा मंदावला. या वेळी चोरटे खाणे सापडले नाही. वजन उतरते तसे शरीर कमी ऊर्जेवर भागवायला शिकते, म्हणून एकूण मात्रा ९२० वरून ८६० केली. डिसेंबरअखेर ३३.० आणि जानेवारीअखेर ३१.९. गुणांक ५ आणि ६ च्या मध्ये आला, ट्रायग्लिसराइड मर्यादेत आले, आणि मेलोक्सिकॅम रोजच्याऐवजी थंडीच्या एखाद्या सकाळी, दुखले तरच, देण्यापर्यंत उतरले. खुब्यांची झीज क्ष-किरणात होती तशीच आहे.

आजोबांनी जानेवारीत विचारले की एवढ्या खटाटोपाने तिचे आयुष्य वाढेल का. एका कुत्रीबाबत असे उत्तर देता येत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोरांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले आणि सांध्यांची झीजही त्यांच्यात उशिरा सुरू झाली. ती कुत्री पिल्लूपणापासून सडपातळ होती. चिनू सातव्या वर्षी सडपातळ होऊ लागली, हा फरक मी त्यांना सांगितला.

वजन टिकवण्याच्या टप्प्यात बहुतेक घरे घसरतात, कारण उद्दिष्ट गाठले म्हणजे जुने अन्न परत, असा समज असतो. उतरलेल्या वजनाच्या कुत्र्याला वजन उतरवताना दिले त्याहून थोडेच अधिक लागते. चिनूची मात्रा दर पंधरवड्याला थोडी थोडी वाढवत नेली आणि ती ९८० कॅलरींवर स्थिरावली. पूर्वीच्या १६३५ च्या ती साठ टक्केच आहे. आजोबांना संध्याकाळच्या पावाचा एक चतकोर परत मिळाला. त्याच्या २५ कॅलरी डब्यातून वजा केल्या जातात, आणि ती वजाबाकी आता नात करते. महिन्यातून एकदा कोठारातल्या काट्यावर वजन होते. ते ३३ किलोंच्या वर गेले तर चतकोर थांबवायचा आणि पाच कागद पुन्हा सुरू करायचे, असे ठरलेले आहे.